नव्वद किलोवाल्यांची बोट

शुक्रवारी दुपारी तीनला अनुदानवाल्या बाई पाहणीला येणार होत्या, आणि बुधवारी सकाळी क्लबच्या अध्यक्षांना आठवण झाली की मुलींच्या नव्या बोटीत बूट बाप्यांच्या मापाचे आहेत.

शर्यतीच्या बोटीत कोणी बूट घालून चढत नाही. बूट बोटीतच असतात, पाय टेकवायच्या फळीला स्क्रूनं पक्के बसवलेले. माणूस अनवाणी येतो, त्यात पाय खुपसतो, पट्टे आवळतो आणि वल्हं ओढायला लागतो. तेव्हा बोट कोणाची आहे हे ओळखायचं असेल तर तिच्यावर रंगवलेलं नाव वाचू नये, आतले बूट बघावेत. नव्या बोटीतले बूट एवढे होते की एका बुटात मुलीचे दोन्ही पाय एकदम गेले असते.

"मिस्त्रीबाई, एवढं करून टाका," अध्यक्ष बोटघराच्या दारातूनच म्हणाले. आत आले असते तर पॅंटला भुसा लागला असता. "जुन्या बोटीतले चार जोड काढा, नव्या बोटीत बसवा. पाहणी झाली, फोटो झाले, की संध्याकाळी पुन्हा होते तसे."

"पुन्हा कशाला? बोट मुलींचीच ना?"

"अहो, रविवारी आमची शर्यत नाही का!"

हे 'आमची' म्हणजे पन्नाशीवाल्यांची. अध्यक्ष आणि त्यांचे तीन मित्र, सगळे धष्टपुष्ट, दर रविवारी सकाळी घाम गाळायचे आणि मग व्हरांड्यात बसून दुपारपर्यंत तो भरून काढायचे. गेली दोन वर्षं ती बोट 'सध्यापुरती' त्यांच्याकडे होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असतो. तोही बहुधा सध्यापुरताच शिरतो.

मिस्त्रीबाई हातातल्या रंध्याकडे वळल्या. क्लबात त्यांना सगळे मिस्त्रीबाई म्हणत, मुली तेवढ्या मावशी म्हणत, कारण वल्हवणाऱ्या चौघींतली एक त्यांची सख्खी भाची होती आणि बाकीच्यांना सख्खं-चुलत करत बसायला वेळ नव्हता. वय बावन्न, हाताला घट्टे, जिभेला धार. वडील याच क्लबचे सुतार होते. ते गेले तेव्हा क्लबनं दुसरा सुतार बघायला सुरुवात केली, आणि तो सापडेपर्यंत मुलीला कामावर ठेवलं. त्याला आता सव्वीस वर्षं झाली.

अनुदानाची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. क्लब नदीच्या एका काठाला, आणि समोरच्या काठाला पावाचा कारखाना, त्याच्या मागं कामगारांची गल्ली. गल्लीतल्या पोरांनी नदी पाहिली होती ती खिडकीतून. क्लबनं अर्ज केला, त्यात लिहिलं की नदीकाठी जन्मून नदीत उतरायला न मिळालेल्या तरुण मुलामुलींसाठी आम्हाला बोट हवी, शिकवणारा हवा. अर्जाला जोडायला फोटो हवा होता म्हणून गल्लीत जाऊन पाच मुली गोळा करून आणल्या, त्यांना क्लबचे बनियन घातले, हसायला सांगितलं. मुली हसल्या. त्यांना वाटलं, खरंच आहे.

आणि खरं सांगायचं तर मिस्त्रीबाईंनाही वाटलं होतं.

बोट आली त्या दिवशी त्यांनी नवी साडी नेसली होती. बोट तपासायची त्यांच्या घरातली एक रीत होती. वडिलांनी शिकवलेली. डोळे मिटायचे, आणि दोन्ही तळवे टोकापासून टोकापर्यंत बोटीच्या अंगावरून फिरवत न्यायचे. "डोळा रंगाला भुलतो," वडील म्हणत, "हात भुलत नाही." कुठं केसाएवढी चीर असो, कुठं फुगवटा, तळव्याला कळतोच. मिस्त्रीबाईंनी तशी ती बोट तपासली. अंग काचेसारखं गुळगुळीत. त्यांचे डोळे भरून आले, मिटलेलेच होते म्हणून कोणाला दिसलं नाही. मग अध्यक्षांनी कागद पुढं केला, 'वस्तू तपासली, तरुण मुलींच्या वापरास योग्य', आणि त्यांनी खाली झोकात सही ठोकली.

बुधवारी दुपारी त्या बूट काढायला बसल्या. दोन वर्षांत ती फळी त्यांनी कधी उघडली नव्हती. पन्नाशीवाल्यांची सक्त ताकीद होती, आमची मापं हलवायची नाहीत. पहिल्या फळीचे आठ स्क्रू काढले, ती उचलली, आणि फळीखाली बोटाएवढी धातूची पट्टी दिसली. बनवणाऱ्यानं बसवलेली. वर बोटीचा क्रमांक, खाली साल, आणि त्याखाली: वल्हवणाऱ्याचं सरासरी वजन, नव्वद किलो.

मिस्त्रीबाईंनी पट्टी अंगठ्यानं पुसली. नव्वदच.

अशी बोट काही दुकानातून उचलून आणत नाहीत. वजन सांगून बनवून घेतात, शिंप्याला माप देतात तसं. नव्वद किलोच्या माणसांसाठी बनवलेल्या बोटीत अठ्ठेचाळीस किलोच्या मुली बसवल्या तर बोट पाण्यात रुततच नाही, वरच तरंगते, डुलते. वल्ह्यांच्या मुठी छातीऐवजी हनुवटीशी येतात, आणि वल्ह्याचं पातं पाण्यात बुडतं न बुडतं तोच बाहेर येतं. कितीही ताकद लावा. कोणीतरी मुलींचा फोटो लावून अर्ज केला होता, आणि बोट बनवायला देताना स्वतःचं वजन सांगितलं होतं.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती अध्यक्षांवरच गेली असती तर बरं झालं असतं. त्यातली अर्धी स्वतःकडे वळली.

कारण दोन वर्षांत मुलींना ही बोट तीनदा मिळाली होती. तीनदा त्या डगमगल्या, तीनदा वल्ही एकमेकींवर आपटली. मुली म्हणाल्या, "सर, बोटीतच काहीतरी आहे." कोचसर म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" व्हरांड्यातले पन्नाशीवाले खो-खो हसले. मुलींना परत जुन्या जाड, जड बोटीत पाठवलं, जी तीस वर्षांपूर्वी मिस्त्रीबाईंच्या वडिलांनी बांधली होती आणि जिच्यातून दर अर्ध्या तासानं डब्यानं पाणी काढावं लागे. आणि त्या दिवशी मिस्त्रीबाईंनी काय केलं होतं? त्यांनी भाचीला सगळ्यांदेखत झापलं होतं. "दुसऱ्यांची पोरं बोटीला तरसतात आणि तुम्हाला मिळाली तर हात चालत नाहीत! खाता तरी काय, वारा?"

भाचीचं घरचं नाव काडी. ती त्यानंतर आठवडाभर मावशीशी बोलली नव्हती.

अंगण खरोखरच वाकडं होतं. आणि ते सरळ आहे म्हणून सही करणाऱ्या त्या स्वतः.

हातात ती फळी तशीच घेऊन मिस्त्रीबाई अध्यक्षांच्या खोलीत गेल्या. चपला बाहेर काढल्या नाहीत.

"ही बोट कोणासाठी बनवून घेतली?"

अध्यक्षांनी फळीकडे पाहिलं, मग पंख्याकडे. "बसा ना. चहा घेणार?"

"नव्वद किलो लिहिलंय आत."

"अहो, मुली वाढतील की."

"वाढून नव्वद किलोच्या होतील? साहेब, आमच्या घरात अख्खं खानदान एका काट्यावर उभं केलं तरी नव्वद भरत नाही."

अध्यक्ष हसले. त्यांचं हसणं फार छान होतं, त्यावरच ते चारदा निवडून आले होते. "हे बघा मिस्त्रीबाई. समजा तुम्ही शुक्रवारी तोंड उघडलं. अनुदान बंद होईल. कोचसरांचा पगार त्यातूनच. मुलींचं येणं बंद. बोट जाईल परत. नुकसान कोणाचं? माझं? मी दुसरी घेईन हो." मग त्यांनी खण उघडला, एक कागद काढला आणि दोन बोटांनी टेबलावर फिरवून त्यांच्यासमोर ठेवला. "आणि तपासणीची सही कोणाची आहे, तेही एकदा बघून घ्या."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तो हा. मिस्त्रीबाई उभ्याच राहिल्या. त्यांना वाटलं की हातातली फळी याच्या टेबलावर आदळावी, पण फळी चांगल्या लाकडाची होती.

संध्याकाळी काडी नेहमीसारखी त्यांच्याकडे जेवायला आली. तिची आई कारखान्यात दुसऱ्या पाळीला असायची. जेवायच्या आधी काडीनं जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा दाराच्या कडीला बांधला, जमिनीवर बसली, पाय भिंतीला टेकवले आणि ओढायला लागली. रोज शंभर वेळा. कोचसरांनी सांगितलं होतं, शुक्रवारी पाहुण्यांसमोर नवी बोट नीट चालवलीत तरच रविवारच्या शर्यतीत नाव देईन. शर्यत अठरा वर्षांखालच्या मुलींची. काडी पुढच्या महिन्यात अठराची होणार, बाकीच्या तिघी पावसाळ्याच्या आत. म्हणजे पुढच्या वर्षी वगैरे काही नव्हतं. होतं ते एवढंच.

"सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी," काडी पुटपुटत होती. मान लाल झाली होती. "मावशी, आज पोळी जास्त टाक. वजन वाढवायचंय. सर म्हणाले आमच्यात दम नाही."

मिस्त्रीबाईंच्या तोंडावर आलं होतं, अगं सोड ती ट्यूब. पण अनुदान गेलं तर हिच्या हातात जुनी बोटसुद्धा राहणार नव्हती. त्यांनी एक पोळी जास्त वाढली. काडीनं ती भूक नसतानाही पूर्ण खाल्ली, आणि मिस्त्रीबाईंना स्वतःची इतकी चीड आली की त्यांनी तवा घासता घासता हात सोलवटून घेतला.

शुक्रवारी तीनला अनुदानवाल्या बाई आल्या. चाळिशीच्या, दमलेल्या, पायात साध्या चपला, हातात कागदांची फाइल. वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. अध्यक्षांनी त्यांना व्हरांड्यात सरबत दिलं. पन्नाशीवाले इस्त्रीचे कपडे घालून मागं उभे होते. धक्क्यावर नवी बोट पाण्यात लावलेली, आत लहान बूट, झकास. मिस्त्रीबाईंनीच बसवले होते. दोन दिवस त्यांचं डोकं आणि हात वेगवेगळ्या घरी राहत होते.

मुली आल्या. चौघी वल्ह्यांवर, आणि सगळ्यात लहान, जिला टिकली म्हणत, ती सुकाणूला. काडीनं बुटात पाय घातले आणि चमकून मावशीकडे पाहिलं. बूट बसत होते! तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मिस्त्रीबाईंनी मान फिरवली.

"चला, दाखवा पाहुण्यांना," कोचसर म्हणाले.

टिकलीनं आरोळी दिली. पहिल्याच ओढीला बोट डावीकडे कलली. दुसऱ्या ओढीला मुठी हनुवटीशी आल्या, पाती पाण्यावरून सटकली. काडी दात-ओठ खात होती, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि बोट मात्र पाण्यावर बदकासारखी डुलत होती. पंधरा-वीस ओढींनंतर एकीचं वल्हं अडकलं, मूठ पोटात बसली, ती कळवळली. बोट वेडीवाकडी होऊन धक्क्याला येऊन आदळली. मागं व्हरांड्यात कोणीतरी फिसकन हसलं.

अध्यक्ष पाहुण्यांकडे वळले. आवाजात मध होता. "काय आहे बाई, आम्ही आमच्याकडून सगळं देतो. उत्तम बोट, उत्तम शिक्षक. पण शेवटी त्या भागातली मुलं... चिकाटी कमी पडते. तरी आम्ही सोडत नाही."

काडीनं ते ऐकलं. ती बोटीतच बसून होती, मान खाली घालून. तिला ते पटलं होतं, हे मिस्त्रीबाईंना लांबूनही दिसलं. त्या पोरीला ते खरं वाटत होतं!

मग काही त्यांना आवरलं नाही.

"उठ गं तिथून," त्या ओरडल्या. "सगळ्या उठा. बाहेर या."

मुली घाबरून धक्क्यावर आल्या. मिस्त्रीबाई धक्क्याच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या आणि कमरेचा पेचकस काढला. अध्यक्ष "मिस्त्रीबाई, मिस्त्रीबाई," म्हणत पुढं आले, पण ओल्या फळ्यांवर त्यांचे बूट घसरत होते. आठ स्क्रू. फळी निघाली.

"बाई, तुम्हाला वाचता येतं ना? इकडे या, वाका आणि वाचा."

अनुदानवाल्या बाई वाकल्या. चष्मा वर केला. "वजन... नव्वद किलो." त्यांनी मुलींकडे पाहिलं, मग इस्त्रीच्या कपड्यांकडे. समजायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"या पोरी अठ्ठेचाळीस-पन्नासच्या आहेत," मिस्त्रीबाई म्हणाल्या. "तुमच्या पैशांतून या चौघांनी स्वतःच्या मापाची बोट शिवून घेतली. दोन वर्षं वापरली. आणि पोरींना दोन वर्षं सांगितलं की तुमच्यातच दम नाही. हे बूटसुद्धा आजच्या दिवसापुरते आहेत. मीच बदलले."

"तपासणीची सही यांचीच आहे," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "कागद आहे माझ्याकडे."

"आहे ना. माझीच आहे. मी डोळे मिटून सही केली, तेही लिहा. मला काय फाशी द्यायची ती द्या. पण चोर सोडून या पोरींना देऊ नका."

कोचसर नदीकडे बघत होते, जणू तिथं काही नवीन आलं होतं.

काडी बोटीशी येऊन वाकली. पट्टी तिनं स्वतः वाचली, दोनदा. मग मावशीकडे पाहिलं. "तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"बुधवारी." काडीनं एवढंच म्हटलं. तिनं शंभर वेळा ट्यूब ओढली होती ती बुधवारी आणि गुरुवारी. मिस्त्रीबाईंना वाटलं, हिनं आता आपल्याला थोबाडीत मारली असती तर बरं. पण काडी मुलींकडे वळली. "जुनी काढायची. चला."

"तिच्यात बूट नाहीत," टिकली म्हणाली.

"नसू देत."

पाच जणींनी ती जड बोट आतून खांद्यावर आणली, धापा टाकत. मिस्त्रीबाईंनी धावत जाऊन पोत्याच्या पट्ट्या फाडल्या आणि एकेकीचे अनवाणी पाय फळीला बांधले. काडीचे बांधताना तिनं पाय मागं घेतला नाही, पण मावशीकडे पाहिलंही नाही.

मग त्या गेल्या. टिकलीची आरोळी, चार पाती एकदम पाण्यात, चार पाती एकदम बाहेर. तीस वर्षांची ती बोट, पाणी गळणारी, पण पाण्यात बसायची तेवढी बसलेली, आणि वर पाठी अशा एकत्र मागं जात होत्या की एकीचं कुठं संपतं आणि दुसरीचं कुठं सुरू होतं ते कळू नये. समोरच्या काठाशी, कारखान्याच्या भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, आणि येताना वेग धरला. व्हरांड्यात आता कोणी हसत नव्हतं. एक पन्नाशीवाला, ज्याला खरोखर वल्हवण्यातलं कळत होतं, तो नकळत कठड्याला धरून पुढं वाकला होता.

बोट धक्क्याला लागली. कुठं आदळली नाही.

"सुंदर," अनुदानवाल्या बाई हळूच म्हणाल्या. त्यांनी फाइल उघडली, पेन काढलं, आणि मग थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला. "मी हे लिहिणार. बोटीबद्दल, अर्जाबद्दल, सगळं. पण तुम्हाला आधीच सांगते, याचा एकच अर्थ निघेल. 'अनुदानाचा गैरवापर'. काम इथंच थांबेल. चौकशी, मग नवा अर्ज, त्यात दीड-दोन वर्षं जातील."

"आम्ही तोवर वयात बसत नाही," काडी बोटीतूनच म्हणाली. पाण्यानं आणि घामानं ती निथळत होती.

"हो. मला वाईट वाटतं."

"वाईट नका वाटून घेऊ. आम्हाला वल्हवता येतं, हे लिहाल का?"

बाईंनी कागद खालीवर पाहिला. खरंच शोधला त्यांनी, अगदी मागची बाजूसुद्धा. "वस्तूची स्थिती आहे, उपस्थिती आहे, खर्च आहे..." त्या ओशाळल्या. "तसा रकाना नाही गं."

मिस्त्रीबाई पुढं आल्या. दोन दिवसांचा, दोन वर्षांचा, आणि खरं तर सव्वीस वर्षांचा सगळा राग त्यांच्या घशात होता, पण आवाज मात्र अगदी कामाचा निघाला, गिऱ्हाइकाला माप विचारावं तसा.

"मग आखा की, बाई. पट्टी मी देते."

आणि त्यांनी कमरेची लाकडी पट्टी काढून त्या कागदावर आडवी ठेवली, आणि ती हलू नये म्हणून दोन्ही टोकांना स्वतःचे अंगठे दाबून धरले.

अनुदानवाल्या बाईंनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "अहो, याला काही अर्थ आहे का? सरकारी कागद आहे." तेव्हा बाईंनी रेघ मारली. मग दुसरी.

"काय लिहू?" त्यांनी काडीला विचारलं.

काडीनं ओल्या हातानं तोंड पुसलं. "लिहा, यांना वल्हवता येतं. दोन वर्षांपासून येत होतं. आणि लिहा, रविवारी आम्ही उतरतोय. याच बोटीत."

तिनं कोचसरांकडे पाहिलं नाही, अध्यक्षांकडेही नाही. पाय अजून फळीला बांधलेलेच होते, आणि ते सोडायला तिनं कोणाला सांगितलं नाही.